लहान मुलांना कोडं सुटतं तेव्हा त्यांना नक्की काय दिसतं?

आधी हे कोडं बघा. उत्तर थोडं खाली आहे, पण एक मिनिट तिकडे जाऊ नका.

२८६३ = ०
४०४४ = ४
३०६४ = २
८२४६ = १
४६०० = ३
०३२४ = ?

या जातीची कोडी मोबाइलवर सारखी फिरत असतात आणि सोबत एक ठरलेली ओळ येते: 'बालवाडीतली मुलं हे पाच मिनिटांत सोडवतात, शिकलेल्यांना तास लागतो.' ती वाचली की मोठ्या माणसाच्या मनात दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर आपण मठ्ठ आहोत, किंवा मुलं जन्मजात हुशार असतात आणि शाळा त्यांना बिघडवते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरीने तर मुलांचं नुकसानही होतं. म्हणून हे जरा सविस्तर सांगावंसं वाटलं.

मूळ कोडं इंग्रजी आकड्यांचं असतं. मी ते आपल्या आकड्यांत बसवलं आणि भावासमोर ठेवलं. हिशेब हे त्याचं रोजचं काम. त्याने पेन्सिल घेतली, अंकांच्या बेरजा केल्या, मग सम-विषम लावून पाहिलं, मग पहिल्या दोन अंकांतून शेवटचे दोन वजा केले. कागद भरत आला. त्याची पाच वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. तिला दहापर्यंत मोजता येत होतं, पण चार अंकी संख्या वाचता येत नव्हती. तिने ४ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, याच्या पोटात भोक आहे." मग बोट शून्यावर. "याच्या पण." २, ३, ६ आणि ८ यांच्या पोटात काही नाही. भोकं मोजली की झालं. शेवटच्या ओळीचं उत्तर २.

भाऊ कागदाकडे बघतच राहिला. त्या खालच्या गाठीकडे त्याचं लक्ष कधी गेलंच नव्हतं.

दिसायच्या आधीच वाचलं जातं

अनोळखी लिपीतली एखादी पाटी डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला वळणं दिसतात, ठिपके दिसतात, कुठे गाठ तर कुठे शेपूट. आता मराठी पाटी तशीच बघून दाखवा, न वाचता. जमणार नाही. नजर पडायचा अवकाश, शब्द वाचून झालेला असतो.

हे मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली लोकांना रंगांची नावं दाखवली, पण ती भलत्याच रंगात छापलेली होती. समजा, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत आहे. शब्द वाचू नका, शाईचा रंग सांगा. साक्षर माणूस इथे अडखळतो, वेळ घेतो, चुकतो. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याला हा त्रासच होत नाही. त्याला शब्द दिसत नाही, शाई दिसते.

माझ्या भावाचं तेच झालं. त्याला ४ ही आकृती दिसलीच नाही, 'चार' दिसला. आणि एकदा चार म्हटलं की त्याच्याबरोबर बेरीज, वजाबाकी, पाढे अशी सगळी पलटण आत येते. त्यात = हे चिन्ह समोर होतंच, म्हणजे हे गणित आहे अशी खूणगाठ आधीच बांधलेली. पुतणीच्या दृष्टीने कागदावर वाकड्यातिकड्या रेघा होत्या. तिच्यासमोर आडवं यायला काही नव्हतं.

यात भावाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वाचन इतकं आपोआप व्हावं म्हणूनच तर आपण लहानपणी वर्षानुवर्षं घासतो. अक्षर अक्षर निरखत बसलो तर एक पान वाचायला दिवस जाईल.

खोका म्हणजे वस्तू ठेवायला

आकड्यांचं झालं ते वस्तूंचंही होतं. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. समोर एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोकाभर टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की जळताना मेण खाली टेबलावर सांडू नये. लोक मेणबत्तीलाच टाचणी टोचतात, मेण वितळवून ती भिंतीला चिकटवू पाहतात. उत्तर असं: टाचण्या ओतून खोका रिकामा करायचा, तो टाचण्यांनी भिंतीला ठोकायचा आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. गंमत म्हणजे टाचण्या खोक्याबाहेर ठेवून तेच सामान दिलं की हे उत्तर पुष्कळ जास्त लोकांना सुचतं. खोका तोच असतो. मात्र भरलेला खोका 'ठेवायची वस्तू' म्हणून मनात बसतो, रिकामा खोका नुसताच खोका असतो.

शास्त्रज्ञ याला 'फंक्शनल फिक्स्डनेस' म्हणतात. वस्तूचा नेहमीचा उपयोग डोक्यात इतका पक्का बसतो की दुसरा उपयोग सुचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण याला 'उपयोगाची पकड' म्हणू.

ही पकड कुठल्या वयात बसते? टिम जर्मन आणि मार्गारेट डेफायटर यांनी २००० साली पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला. एका बाहुल्याला उंच फळीपर्यंत पोचायचं आहे. मुलांना ठोकळे आणि इतर काही वस्तू दिल्या, शिवाय एक खोका. नुसते ठोकळे रचून उंची पुरत नाही. खोका पालथा घालून पायाला घेतला तर पुरते. काही मुलांना खोका रिकामा दिला, काहींना त्यात वस्तू भरून, म्हणजे 'हे ठेवायचं भांडं' हे दाखवून. सहा-सात वर्षांची मुलं भरलेल्या खोक्यापाशी रेंगाळली, त्यांना उत्तर सुचायला जास्त वेळ लागला. पाच वर्षांच्या मुलांना काही फरकच पडला नाही, आणि भरलेल्या खोक्याच्या खेळात ती मोठ्या मुलांच्या पुढे गेली.

पाच आणि सहा! मला हे वाचून खरंच चटका बसला. आपण 'मुलं' आणि 'मोठी माणसं' असे दोन गट करतो, पण भिंत उभी राहायला सुरुवात होते ती दुधाचे दात पडायच्या सुमाराला.

एकदा चाललेली युक्ती

पकड फक्त वस्तूंची नसते, रीतीचीही असते. हे स्वतःवर करून बघण्यासारखं आहे. तीन भांडी आहेत: २१, १२७ आणि ३ मापांची. नेमकं १०० माप पाणी हवं. मोठं भांडं भरा, त्यातून २१ चं एकदा आणि ३ चं दोनदा भरून काढा. १२७ वजा २१ वजा ६, बरोबर १००. अशीच पाच-सहा गणितं ओळीने सोडवा, प्रत्येकात हीच रीत लागू पडते. मग हे येतं: भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवं २० माप.

ओळीने करत आलेले बहुतेक जण ४९ वजा २३ वजा ६ करतात. उत्तर बरोबर येतं. पण २३ मधून ३ काढले की २० होतातच, हे दिसत नाही. ज्याने आधीची गणितं केलेली नाहीत त्याला ते चटकन दिसतं. अब्राहम लुचिन्स यांनी हा प्रयोग १९४२ साली प्रसिद्ध केला. त्यात शाळकरी मुलंही अडकली. म्हणजे वय हे खरं कारण नाही. आधी काय करून झालं आहे, ते कारण. मोठ्या माणसाचं आधी करून झालेलं जास्त असतं, इतकंच.

विजेरी आणि कंदील

लक्ष देण्याची तऱ्हाही वेगळी असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या ॲलिसन गॉपनिक गेली अनेक वर्षं लहान मुलांच्या विचारांचा अभ्यास करत आहेत. त्यांची उपमा मला फार नेमकी वाटते. मोठ्यांचं लक्ष विजेरीसारखं असतं: झोत एकाच ठिकाणी, बाकी अंधार. मुलांचं लक्ष कंदिलासारखं, मिणमिणतं, पण चहूबाजूंना.

ही नुसती उपमा नाही. डॅनियल प्लेबानेक आणि व्लादिमिर स्लुत्स्की यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोठ्यांना आणि चार-पाच वर्षांच्या मुलांना पडद्यावर एकमेकींवर आलेल्या दोन आकृत्या दाखवल्या, एक लाल आणि एक हिरवी. सांगितलं, अमुक रंगाच्या आकृतीकडे लक्ष ठेवा. मग पडदा बदलला. ज्या आकृतीकडे बघायला सांगितलं होतं तिच्यातला बदल मोठ्यांनी ९४ टक्के वेळा ओळखला, मुलांनी ८६ टक्के वेळा. पण जिच्याकडे बघू नका असं सुचवलं होतं तिच्यातला बदल? तो मुलांनी ७७ टक्के वेळा ओळखला, मोठ्यांनी ६३ टक्के वेळा.

वर्गात 'याचं लक्षच नसतं' म्हणून ज्याला बोलणी बसतात, ते मूल बऱ्याचदा सगळीकडेच लक्ष देत असतं. झोत एका जागी धरून ठेवणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि तो भाग पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो.

हा पुढचा भाग पहारेकऱ्यासारखा आहे. नको त्या विचारांना दारातच अडवतो. एरवी हे फार गरजेचं. पण कधी कधी हवा असलेला विचारही बाहेरच राहतो. काड्यापेटीच्या काड्यांचं हे समीकरण बघा:

।।। = ।।। + ।।।

तीन बरोबर तीन अधिक तीन, म्हणजे चूक. एकच काडी हलवून ते बरोबर करायचं. आपण आकड्यांच्या काड्या हलवत बसतो, कारण लहानपणापासून गणितात बदलतात ते आकडे, चिन्हं जागच्या जागी राहतात. उत्तर आहे अधिक चिन्हाची उभी काडी आडवी करणं: ।।। = ।।। = ।।।. इटलीतल्या कार्लो रेव्हर्बेरी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागाच्या कडेला इजा झालेल्या रुग्णांपैकी ८२ टक्के जणांनी या कठीण प्रकारची कोडी सोडवली, तर धडधाकट माणसांपैकी फक्त ४३ टक्क्यांनी. पहारेकरी जखमी होता, म्हणून तो विचार आत येऊ शकला. त्या रुग्णांना रोजच्या जगण्यात या इजेची केवढी किंमत मोजावी लागते, हेही विसरू नये.

'म्हणजे मुलं मोठ्यांपेक्षा हुशार, असंच ना?'

नाही. उलट बाजूचा पुरावा भरभक्कम आहे आणि तो सहसा कुणी पुढे पाठवत नाही.

पसरट पेल्यातलं पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच, निमुळत्या पेल्यात ओता. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी दाखवल्याप्रमाणे चार-पाच वर्षांचं मूल म्हणेल, पाणी वाढलं. इथे मुलाला उंची तेवढी दिसते, आणि जे दिसतं ते त्याला फसवतं. आपल्याला कोड्यात नडलेलं ज्ञान इथे आपल्याला वाचवतं.

बदक म्हणून बघितलं तर बदक, ससा म्हणून बघितलं तर ससा, असं एक जुनं चित्र आहे. मोठ्या माणसांना दोन्ही आळीपाळीने दिसतात. तीन-चार वर्षांच्या मुलांना आपणहून एकच दिसतं आणि ती त्यालाच धरून राहतात. अर्व्हिन रॉक, गॉपनिक आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली हे नोंदवलं. लवचीकपणा मुलांचाच मक्ता असता तर असं झालं नसतं.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकणारा प्रयोग मात्र आकड्याचा आहे, म्हणजे वाकवलेल्या तारेच्या हुकाचा. एका उंच, अरुंद नळीच्या तळाशी दांडीची इवलीशी बादली. हातात सरळ, वाकणारी तार. बादली बाहेर काढायची. ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या कावळीने २००२ साली तारेचा आकडा करून अशी बादली वर ओढली होती. सारा बेक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तेच काम मुलांना दिलं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी फार थोड्यांना तार वाकवायची कल्पना सुचली. करून दाखवल्यावर मात्र बहुतेक सगळ्यांना लगेच जमलं. नवं साधन मनातल्या मनात घडवण्यासाठी आधीचा साठा लागतो, आणि तो साठा वयानेच येतो.

मग पुतणीचा विजय काय होता? ते कोडं असं रचलेलं होतं की ज्ञान आडवं यावं. जिंकणारा कोण हे कोडं निवडतानाच ठरतं. शिवाय आपण ऐकतो त्या गोष्टी सुटलेल्या कोड्यांच्या. 'शेवटच्या ओळीचं उत्तर ५, कारण मी पाच वर्षांची आहे' असं सांगणारी मुलंही असतात, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

'पण बसचं कोडं तर मुलंच ओळखतात'

हे कोडं तुम्ही पाहिलं असेल. बसचं साधं चित्र, पुढची-मागची बाजू अगदी सारखी, आणि प्रश्न: बस कुठल्या दिशेला चालली आहे? उत्तर दारात आहे. चित्रात दार दिसत नाही, म्हणजे ते पलीकडच्या अंगाला. जिथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे दार बसच्या डाव्या अंगाला असतं, म्हणजे आपल्याला उजवं अंग दिसतंय आणि बस उजवीकडे चालली आहे. जिथे वाहनं उजवीकडून चालतात तिथे उत्तर बरोबर उलटं.

इथे मुलांकडे कोरी पाटी नसते, त्यांच्याकडे एक जादा अनुभव असतो. मोठा माणूस बसमध्ये चढतो तेव्हा त्याच्या डोक्यात वेळ, गर्दी, पोचायचं ठिकाण. लहान मुलासाठी ती उंच पायरी हाच सगळा प्रसंग. हात धरून, पाय उचलून चढावं लागतं. दार त्याच्या लक्षात राहतं ते म्हणून. 'मुलं निरागस नजरेने बघतात' हे वाक्य मला त्यामुळे पुरेसं वाटत नाही. त्यांची नजर कोरी नसते, तिला आपल्यापेक्षा वेगळ्या गोष्टी मोठ्या दिसतात.

याचं आणखी एक रूप गॉपनिक आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात दिसतं. खेळण्यातलं एक यंत्र, योग्य ठोकळे ठेवले की पेटतं आणि वाजतं. आधी सर्वांना दाखवलं की हे यंत्र दोन ठोकळे एकत्र ठेवल्यावरच चालतं. मग नवे ठोकळे दिले. चार-पाच वर्षांच्या मुलांनी दोघांच्या जोडीची शक्यता सहज धरली. कॉलेजातले विद्यार्थी मात्र 'एका गोष्टीमागे एकच कारण' या नेहमीच्या समजुतीकडे वळत राहिले. जगात बहुधा एकच कारण पुरतं, हे मोठ्यांना अनुभवाने माहीत असतं. तो अनुभव खोटा नाही, फक्त त्या यंत्राला लागू नव्हता.

'मग शिकवायचंच नाही का?'

हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली शाळेत न गेलेल्या लहान मुलांना एक खेळणं दिलं. त्यात चार वेगवेगळ्या करामती दडलेल्या होत्या, एक नळी ओढली की आवाज यायचा, वगैरे. काही मुलांना मोठ्या माणसाने 'बघ हं, हे असं चालतं' म्हणत एक करामत शिकवली. काहींसमोर तोच आवाज जणू चुकून झाला. शिकवलेली मुलं दाखवलेली करामत पुन्हा पुन्हा करत राहिली. न शिकवलेल्या मुलांनी जास्त वेळ खटपट केली आणि इतर करामतीही जास्त शोधल्या.

शिकवलेल्या मुलांचं वागणं मूर्खपणाचं नव्हतं. जाणत्या माणसाने मुद्दाम एकच गोष्ट दाखवली, त्या अर्थी दाखवण्यासारखं दुसरं काही नसेल, असा तर्क त्यांनी केला, आणि तो एरवी बरोबरच असतो. पोहणं, रस्ता ओलांडणं, अक्षरं गिरवणं या गोष्टी शोधून काढायला सोडता येत नाहीत, दाखवाव्याच लागतात. पण मुलाच्या हातात नवी वस्तू देताना पहिली पाच मिनिटं आपण गप्प बसू शकतो. आणि मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा खोडण्याआधी 'तुला काय दिसलं?' विचारू शकतो. उंच पेल्यात पाणी जास्त म्हणणाऱ्या मुलाने उंची अचूकच पाहिलेली असते.

मोठ्यांसाठीही उपाय आहेत, कारण पकड सैल करता येते. टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ साली मांडलेली पद्धत साधी आहे. वस्तूचे सुटे भाग करत जायचे आणि प्रत्येकाला असं नाव द्यायचं की ज्यात उपयोगाचा उल्लेख नाही. मेणबत्ती म्हणजे मेण आणि वात. 'वात' म्हटलं की जळणं आलं, म्हणून तिला 'दोरा' म्हणा. दोरा म्हटला की बांधता येतं.

आकड्यांच्या कोड्यासाठी मी याहून सोपं काही करते: कागद उलटा धरते. उलटा ४ पटकन वाचता येत नाही, आणि वाचता आला नाही की गाठ दिसायला लागते.

पुतणी आता सहा पूर्ण झाली आहे. गेल्या महिन्यात तिला मी याच प्रकारचं नवं कोडं लिहून दिलं. जुनं ती विसरली होती. आता तिला शंभरापर्यंत वाचता येतं, बेरीज येते, आणि त्याचा तिला फार अभिमान आहे. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने सुरू केलं, "चार अधिक शून्य, चार. चार अधिक सहा…" बोटं संपली तशी दुसऱ्या हातावर गेली. भाऊ माझ्याकडे बघत होता. बऱ्याच वेळाने मी कागद तिच्यासमोर उलटा फिरवला. तिची बोटं मिटली. ती खाली वाकली, नाक जवळजवळ कागदाला टेकलं, आणि तिने पेन्सिलीने एकेका भोकात ठिपका द्यायला सुरुवात केली.